रणजी २०२४-२५: शेवटच्या फेरीचं गणित काय, आणि करंडकाचे खरे दावेदार कोण?

मिरजवेस | २७ जानेवारी २०२५

साखळीची एकच फेरी राहिली, ३० तारखेपासून. अ गटात आजचा गुणतक्ता असा: जम्मू-काश्मीर २९, बडोदा २७, मुंबई २२. आपला महाराष्ट्र शर्यतीत नाही. गटातून दोनच संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार. शेवटच्या फेरीत बडोदा आणि जम्मू-काश्मीर वडोदऱ्यात समोरासमोर, आणि मुंबईला घरी बीकेसीवर (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर) तळाचा मेघालय.

इकडे सगळ्यांचं एकच चाललंय, "मेघालयाला हरवलं की मुंबई आत." मला हे पटत नाही. २२ आणि ६ मिळून २८ होतात, आणि बडोदा आजच २७ वर आहे. जाणकारांनी जरा नीट मांडून सांगावं: मुंबईला नेमकं काय काय जुळून यावं लागेल? बोनस गुणाचं महत्त्व किती? आणि गट बाजूला ठेवला तर यंदा करंडक उचलण्याची ताकद कोणाकडे दिसते? नुसतं "विदर्भ" किंवा "मुंबई" असं लिहू नका, कारणं द्या.

कोरेगावकर | २७ जानेवारी

तुमची शंका रास्त आहे. आधी गुण कसे मिळतात ते समोर ठेवू, म्हणजे वाद होणार नाही. निर्णायक विजयाला ६. तो डावाने किंवा दहा गडी राखून मिळवला तर बोनस धरून ७. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. दोघांचे पहिले डावच पुरे झाले नाहीत तर दोघांना १-१.

आता वडोदऱ्याच्या सामन्याचे निकाल एकेक करून बघा.

जम्मू-काश्मीर जिंकलं तर ते ३५ किंवा ३६ वर जातात आणि बडोदा २७ वरच अडकतो. मग मुंबईला साधा विजयही पुरतो, २८ झाले की दुसरा नंबर. मुंबईसाठी हा सगळ्यात सरळ रस्ता.

सामना अनिर्णित आणि आघाडी बडोद्याची, तर दोघेही ३०. मुंबईची उडी जास्तीत जास्त २९ पर्यंत, म्हणजे मेघालयाला डाव आणि पाचशे धावांनी हरवलं तरी घरी.

सामना अनिर्णित आणि आघाडी जम्मू-काश्मीरची, तर ते ३२, बडोदा २८. इथे बोनसची खरी किंमत कळते. ७ घेतले तर मुंबई २९ वर जाऊन स्पष्ट पुढे. ६ घेतले तर २८-२८ अशी बरोबरी. पावसाने किंवा इतर कशाने पहिले डावच पुरे झाले नाहीत तरी बडोदा २८ वरच येतो, म्हणजे हिशेब हाच.

बडोदा जिंकला तर तो ३३ किंवा ३४ वर, आणि जम्मू-काश्मीर २९ वर थांबतं. मुंबईने बोनस घेतला तर २९-२९, नाही घेतला तर बाहेर.

म्हणजे जम्मू-काश्मीरला नुसता अनिर्णित सामनाही चालतो. बडोद्याला पहिल्या डावातली आघाडी मिळाली की पुरे, विजयाची गरज नाही. आणि मुंबईला मेघालय हरवायचा आहेच, पण तिचं खरं लक्ष वडोदऱ्यात बडोद्याच्या पहिल्या डावावर असणार. तो डाव आधी कोसळला तर बाकीचं जमून जाईल.

पलूस_एक्स्प्रेस | २७ जानेवारी

कोरेगावकर, मांडणी चोख आहे. बोनसबद्दल थोडं पुढे लिहितो, कारण मुंबईवर ही वेळ बोनसमुळेच आली आहे.

मुंबईचे २२ गुण कुठून आले ते मोजा. पहिल्या सामन्यात बडोद्याकडून ८४ धावांनी हार, ०. महाराष्ट्रावर नऊ गडी राखून विजय, ६. त्रिपुराशी अनिर्णित पण आघाडी, ३. ओडिशावर डावाने विजय, ७. सेनादलावर पुन्हा नऊ गडी राखून, ६. आणि आता जम्मू-काश्मीरकडून हार, ०.

दोन वेळा नऊ गडी! महाराष्ट्राविरुद्ध शेवटच्या डावात मुंबई १ बाद ७५ होती. तो एक गडी पडला नसता तर ७ मिळाले असते. सेनादलाविरुद्धही तेच. हे दोन गुण हातात असते तर आज २४ असते, मेघालयाविरुद्ध ७ घेऊन ३१ झाले असते, आणि वडोदऱ्यात बडोद्याने आघाडी घेतली असती तरी ३०-३० ला मागे टाकून मुंबई गटात पहिली आली असती. शेवटच्या डावात लक्ष्य छोटं असलं की सलामीचे फलंदाज सैल हाताने खेळतात. चौकार मारून लवकर घरी जायची घाई असते. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये या घाईची किंमत थेट गुणतक्त्यात लागते, आणि कोणी तिच्याबद्दल बोलत नाही.

मेघालयाविरुद्ध बोनस कसा काढायचा? नाणेफेक जिंकली तर गोलंदाजी. जानेवारीत बीकेसीवर पहिल्या तासात खेळपट्टीत ओल असते, चेंडू शिवणीवर पडून वळतो. उपाहारापर्यंत पाच-सहा गडी गेले पाहिजेत. मग एकदाच फलंदाजी करायची आणि मोठी करायची. चार दिवसांच्या सामन्यात १५० ची आघाडी असली की फॉलोऑन देता येतो, म्हणजे समोरच्याला लगेच पुन्हा फलंदाजीला बोलावता येतं, पण मुंबईने आधी फलंदाजी केली तरच तो प्रश्न येतो. नंतर फलंदाजी केली तर फॉलोऑनची भानगडच नाही, फक्त समोरच्याच्या दुसऱ्या डावाला पुरून उरेल एवढी आघाडी हवी. घोटाळा होतो तो इथेच. कर्णधार अडीचशेच्या आघाडीवर डाव घोषित करतो, समोरचे कसेबसे २७० करतात, आणि मग वीस धावांसाठी पुन्हा पॅड बांधावे लागतात. त्यात एक गडी गेला की बोनस गेला. वेळ हाताशी असेल तर चारशेच्या आत डाव सोडू नये.

वाईकर | २८ जानेवारी

गणित मान्य आहे, पण मुद्दा वेगळा मांडतो. मुंबई पुढे गेलीच तर त्याला "दावेदार" म्हणायचं का?

परवा बीकेसीवर काय झालं? रोहित, जैस्वाल, रहाणे, श्रेयस, शिवम दुबे, शार्दूल असा भारतीय संघाचा अर्धा भाग घेऊन मुंबई १२० मध्ये गारद. जम्मू-काश्मीरच्या उमर नझीर आणि युधवीर सिंग यांनी चार-चार गडी घेतले. दुसऱ्या डावात शार्दूलचे ११९ आणि तनुष कोटियनचे ६२ नसते तर सामना दोन दिवसांत आटोपला असता. २०५ चं लक्ष्य जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून गाठलं. गेल्या वर्षीचे विजेते घरच्या मैदानावर हरले.

आणि ज्या दिवशी मुंबई मेघालयाशी खेळणार, त्याच दिवशी वरचे दोघे एकमेकांची डोकी फोडणार. हा वेळापत्रकाचा फायदा आहे. ज्याचा शेवटचा सामना तळाच्या संघाशी, त्याला आयते सात. गटाची क्रमवारी अशी लागत असेल तर तिच्यावरून ताकद मोजू नये.

दुसरी गोष्ट, हा हंगाम मधोमध चिरलेला आहे. पाच फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मग मुश्ताक अली (टी-२०) आणि हजारे (एकदिवसीय) स्पर्धा, आणि आता दोन महिन्यांनी उरलेल्या दोन फेऱ्या. ऑक्टोबरात लाल चेंडूने लयीत असलेला गोलंदाज मध्ये दोन महिने चार आणि दहा षटकं टाकत होता. त्यामुळे पहिल्या पाच फेऱ्यांच्या गुणांना आज मी अर्धंच वजन देतो. सहाव्या फेरीत कोण कसं खेळलं ते जास्त सांगतं. माझा कौल जम्मू-काश्मीरला.

आयर्विन_पूल | २८ जानेवारी

वाईकर, सहाव्या फेरीचं म्हणता तर नाशिकचा सामना का विसरता? महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. २९७ आणि ४६४, बडोदा १४५ आणि १७७. मुंबईच्या आशा आज जिवंत आहेत त्या नाशिकमुळे. बडोदा तो सामना नुसता अनिर्णित राखता, तरी २८ किंवा ३० वर असता.

आपल्या संघाबद्दल मात्र वाईट वाटतं. श्रीनगरला पहिल्याच सामन्यात ४२८ करूनही आघाडी गेली, कारण समोर जम्मू-काश्मीरने ७ बाद ५१९ वर डाव सोडला होता, शुभम खजुरियाचे एकट्याचे २५५. मग मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १२६. दुसऱ्या डावात ३८८ केले, म्हणजे फलंदाजी होती. पहिल्या सकाळी विकेट टाकण्याची सवय नडली. चार दिवसांच्या सामन्यात दुसऱ्या डावातल्या ३८८ ला काही भाव नाही, पहिल्या डावात तेच केले असते तर सामना उलटला असता. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्धच ३१६ नाबाद केले होते, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी करंडक आपल्याकडे आला. त्यानंतर आजतागायत नाही. ही सल आहे, म्हणून लिहिलं.

करंडकाचं विचाराल तर विदर्भ. ब गटात ते वरचढ आहेत हे एक. पण मी त्यांच्याकडे बघते ते मधल्या फळीमुळे. करुण नायरने नुकतंच हजारे स्पर्धेत ७७९ धावा केल्या, पाच शतकं. ती एकदिवसीय स्पर्धा असली तरी इतकी मोठी लय लाल चेंडूवर वाया जात नाही. यश राठोड सहाव्या क्रमांकाच्या आसपास येऊन दिवसभर खेळतो. आणि हर्ष दुबे डावखुरा फिरकी टाकतो, तो खेळपट्टीची मदत नसतानाही एका टोकाने तीस षटकं धावा रोखून धरतो. दुसऱ्या टोकाला वेगवान गोलंदाज ताजे राहतात. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात वानखेडेवर ५३८ चा पाठलाग करताना या संघाने ३६८ केले होते. हरले, पण पाचव्या दिवसापर्यंत झुंजले.

मिरजवेस | २८ जानेवारी

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट अजून अडते. बरोबरी झाली की सगळे "कोशंट" म्हणतात. हे प्रकरण धावगतीसारखंच का?

कोरेगावकर | २८ जानेवारी

नाही, यात षटकांचा संबंध नाही. बरोबरी त्या टप्प्यापर्यंत ताणली गेली तर कोशंट बघतात. आपण दर गड्यामागे किती धावा काढल्या, भागिले समोरच्याला दर गड्यामागे किती दिल्या. सगळ्या साखळी सामन्यांची बेरीज धरायची.

समजा एखाद्या संघाने हंगामात ४० गडी गमावून १२०० धावा केल्या, म्हणजे गड्यामागे ३०. समोरच्यांचे ५० गडी घेताना १००० दिल्या, म्हणजे २०. तीस भागिले वीस, कोशंट १.५. एकाच्या वर असला म्हणजे संघ गड्यामागे कमावतो त्यापेक्षा कमी देतो.

लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की सावकाश खेळून कोशंट खालावत नाही, आणि गडी न गमावता डाव घोषित केला तर तो झपाट्याने चढतो. ५ बाद ५०० वर डाव सोडला तर गड्यामागे शंभर. तेच सर्वबाद ५०० झालं तर पन्नास. आणि समोरच्याला वीस बाद करणं महत्त्वाचं, नाहीतर भाजक जड राहतो. मात्र कोशंट कितीही मोठा असला तरी एका गुणाचा फरक तो भरून काढत नाही. मुंबई २९ आणि बडोदा ३० झाले तर कोशंट कोणी बघणारही नाही.

पलूस_एक्स्प्रेस | २ फेब्रुवारी

लागला निकाल. मेघालय ८६, त्यात शार्दूलची हॅट्‌ट्रिक. मुंबई ७ बाद ६७१ वर डाव घोषित. मेघालय दुसऱ्या डावात १२९. डाव आणि ४५६ धावांनी विजय, पूर्ण ७ गुण. चारशेच्या आत डाव सोडू नका असं म्हटलं होतं, यांनी सहाशेच्या पुढे नेला आणि बरोबर केलं.

वडोदऱ्यात जम्मू-काश्मीर २४६ आणि २८४, बडोदा १६६ आणि १८२. १८२ धावांनी विजय. म्हणजे जम्मू-काश्मीर ३५, मुंबई २९, बडोदा २७. कोरेगावकरांच्या पहिल्या रस्त्याने गाडी गेली, बोनसची गरजही पडली नाही.

कोशंटसाठी या एका सामन्याकडे बघा. मुंबईचे ६७१ भागिले ७ म्हणजे ९५.८६. मेघालयाचे २१५ वीस गड्यांवर धरले तर १०.७५. त्या सामन्यापुरता आकडा ८.९ च्या वर जातो.

वाईकर | ३ फेब्रुवारी

आता उपांत्यपूर्व फेरी ८ तारखेपासून: जम्मू-काश्मीर–केरळ, हरियाणा–मुंबई, विदर्भ–तमिळनाडू, सौराष्ट्र–गुजरात. अ गटवाले क गटाशी आणि ब वाले ड शी.

क्रमवारीवरचा माझा आक्षेप कायम आहे आणि आता आकडाही आहे. बडोदा २७ गुण घेऊन घरी बसला, तमिळनाडू २५ वर पुढे गेला. कारण एवढंच की ते वेगळ्या गटात होते. विदर्भाचे ४० आहेत, त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. पण चार गटांतून दोन-दोन घेण्याऐवजी चार गटविजेते आणि उरलेल्यांतले गुणांनी वरचे चार असे घ्यावेत, असं मला वाटतं.

कोरेगावकर | ३ फेब्रुवारी

त्यात एक खोट आहे. गट सारख्या ताकदीचे नसतील तर ज्या गटात दोन दुबळे संघ आहेत त्यातल्या तिसऱ्या नंबरलाही गुण भरपूर मिळतात. मेघालय ज्यांच्या गटात, त्यांना सात गुण बसल्या जागी. मग बडोद्याचे २७ आणि तमिळनाडूचे २५ यांची तुलना कशी करणार? एकाच गटातले, एकाच प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेले संघ तुलनेला योग्य. आहे तीच पद्धत मला कमी वाईट वाटते.

जम्मू-काश्मीर–केरळ सामना पुण्यात गहुंज्याला आहे. साताऱ्याहून जाणाऱ्यांनी पुण्यात शिरू नये, कात्रज–देहूरोड बाह्यवळणाने थेट किवळ्याच्या बाजूला निघावं. सकाळचा पहिला तास चुकवू नका, जम्मू-काश्मीरच्या आकिब नबीची नव्या चेंडूची गोलंदाजी बघण्यासारखी आहे.

आयर्विन_पूल | १३ फेब्रुवारी

गहुंज्याचा सामना. काय बोलावं!

जम्मू-काश्मीर २८०. केरळ ९ बाद २००, आकिब नबीचे सहा बळी. आघाडीला अजून ८१ हव्यात, हातात शेवटचा गडी. सलमान निझार आणि बासिल थंपी यांनी बरोबर ८१ जोडल्या. २८१. एका धावेची आघाडी! सलमान नाबाद ११२, थंपी १५. पुढे जम्मू-काश्मीरने ९ बाद ३९९ वर डाव सोडला, केरळसमोर ३९९ चं लक्ष्य, आणि केरळ ६ बाद २९५ वर सामना वाचवून त्या एका धावेवर उपांत्य फेरीत, कारण बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा पुढे जातो.

सलमानने काय केलं ते नीट बघा. क्षेत्ररक्षण पांगलेलं असताना षटकाच्या पहिल्या चार चेंडूंवर तो एकेरी धाव नाकारत होता आणि पाचव्या-सहाव्या चेंडूवर ती घेऊन पुन्हा स्वतःकडे स्ट्राइक ठेवत होता. थंपीला दर षटकात एखाद-दुसराच चेंडू खेळायला लागावा, असा बेत आखून फलंदाजी. आणि जम्मू-काश्मीरने तिथे चूक केली असं माझं मत आहे. सलमानला एकेरी धाव देण्यासाठी सगळे सीमारेषेवर पाठवले, त्यामुळे त्याला बाद करायचा प्रयत्नच थांबला. शेवटच्या जोडीसमोर एक स्लिप आणि एक गली तरी ठेवायला हवी होती.

वाईकर | १३ फेब्रुवारी

माझा दावेदार गेला. न हरता गेला, हे जास्त लागतं. पाच दिवसांत कोणी कोणाला हरवलं नाही, आणि एका धावेवर निकाल. साखळीत जम्मू-काश्मीर ३५, केरळ २८. सामना अनिर्णित राहिला तर साखळीत वर असलेल्याला पुढे पाठवा की! मग साखळीतल्या प्रत्येक गुणाला शेवटपर्यंत अर्थ राहील.

पलूस_एक्स्प्रेस | १३ फेब्रुवारी

तसं केलं तर वरचा संघ पहिल्या दिवसापासून सामना अनिर्णित ठेवायला बघेल. पाच दिवस सपाट खेळपट्टीवर सहाशे करत बसेल, कारण त्याला अनिर्णित पुरेल. आघाडीच्या नियमात निदान पहिल्या दोन-तीन दिवसांत दोघांनाही समोरच्याचे दहा गडी घ्यावेच लागतात. एक धाव काय आणि शंभर काय, केरळने ती दहावा गडी पडायच्या आत मिळवली, जम्मू-काश्मीरला शेवटचा गडी ८१ धावांत घेता आला नाही.

म्हणून बाद फेरीत मी दावेदार मोजतो तो शेपटावरून. आठ, नऊ, दहा आणि अकरा मिळून किती धावा देतात? गेल्या वर्षी मुंबई त्याच बळावर जिंकली. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या-अकराव्या क्रमांकावर तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दोघांनी शतकं ठोकली, उपांत्य फेरीत तमिळनाडूविरुद्ध शार्दूलने नवव्या क्रमांकावर १०९ केले. यंदा हरियाणाविरुद्ध कोलकात्याच्या ईडनवर तेच. ७ बाद ११३ वरून ३१५, शम्स मुलानी ९१, कोटियन ९७. आघाडी फक्त १४ ची, पण तिने सामना मुंबईकडे वळवला, शेवटी १५२ धावांनी विजय.

मात्र दर वेळी सात गडी स्वस्तात गमावून शेपटावर विसंबायचं हे टिकणारं नाही. विदर्भाने तमिळनाडूला १९८ धावांनी हरवलं तेव्हा तशी वेळच आली नाही. मुंबई–विदर्भ उपांत्य सामना नागपूरला आहे. माझं मत विदर्भ.

मिरजवेस | २२ फेब्रुवारी

विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं. आणि अहमदाबादला केरळ ४५७, गुजरात ४५५. दोन धावांची आघाडी! गुजरातच्या नागवासवालाने जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. इकडे काही जण म्हणतात की हेल्मेटला लागलेला झेल धरत नाहीत. खरं काय? आणि २६ पासूनच्या अंतिम सामन्यात कोण?

कोरेगावकर | २२ फेब्रुवारी

पूर्वी धरत नव्हते. २०१७ च्या नियमांपासून क्षेत्ररक्षकाने डोक्यावर घातलेल्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद. जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर मात्र पाच धावांचा दंड. पंचांचा निर्णय बरोबर होता.

आयर्विन_पूल | २३ फेब्रुवारी

अंतिम सामन्याबद्दल. केरळकडे दोन गोष्टी आहेत. एक, त्यांना आघाडीसाठी चिवटपणे खेळता येतं हे दोनदा दिसलं. अहमदाबादला मोहम्मद अझरुद्दीनने (माजी भारतीय कर्णधार नव्हे, केरळचा) नाबाद १७७ केले ते याच पद्धतीने, घाई न करता. दोन, आदित्य सरवटे. हा विदर्भाचाच, २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेऊन सामनावीर ठरला होता. नागपूरची जामठ्याची खेळपट्टी त्याला पाठ आहे. जलज सक्सेना आणि तो मिळून अहमदाबादला पहिल्या डावात आठ गडी घेऊन गेले.

तरीही मी विदर्भालाच कौल देते. हर्ष दुबेचे आत्ताच ६६ बळी आहेत. अजून तीन घेतले की आशुतोष अमनचा ६८ चा एका हंगामातला विक्रम मागे पडेल. पार्थ रेखाडेने मुंबईविरुद्ध एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे काढले, म्हणजे हर्ष दुबेवर एकट्यावर भार नाही. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ केले, आणि नायर अजून या बाद फेरीत थकलेला दिसत नाही.

सामना बघताना पहिल्या डावातली ८० ते १०० ही षटकं लक्ष देऊन बघा. ऐंशीनंतर दुसरा नवा चेंडू मिळतो. केरळ फलंदाजी करत असेल आणि तोवर चार-पाचच गडी गेले असतील, तर त्यांची आघाडीकडे वाटचाल आहे असं समजा. सहा-सात गेले असतील तर हर्ष दुबे एका टोकाने आणि नवा चेंडू दुसऱ्या टोकाने, शेपूट फार टिकणार नाही. विदर्भ आधी खेळला तर साडेतीनशेच्या पुढे गेलाच पाहिजे. त्याच्या आत आटोपला तर केरळ दोन दिवस खेळपट्टीवर तळ ठोकेल, आणि मग विदर्भाला पाचव्या दिवशी जिंकण्यासाठीच खेळावं लागेल.

वाईकर | २३ फेब्रुवारी

एवढं सगळं वाचून माझं मत विदर्भ ६०, केरळ ४०. केरळने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली तर ५०-५०.